मामांच्या सल्ल्याने जोडलेल्या बॅटऱ्या

तीर्थरूप मामांस भाच्याचा नमस्कार. मामींना वेगळा नमस्कार (मागच्या पत्रात दोघांना मिळून एकच घातला होता, तो त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही असे समजले). तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल अशी आशा आहे. इकडे सगळे ठीक आहे, आणि तक्रार असलीच तर तेवढीच आहे.

वीज गेली की आमच्या बॅटरीवर बाहेरच्या खोलीतला एक दिवा आणि एक पंखा चालायचा, हे तुम्ही पाहिले आहे. त्याच पंख्याखाली बसून तुम्ही म्हणाला होता की एका बॅटरीवर संसार होत नाही, तसल्याच लिथियमच्या आणखी दोन जोड. थोरांचे ऐकावे म्हणून (आणि कन्येची नोकरीची मुलाखत कॉम्प्युटरवर ऐन रंगात आली असताना वीज गेली म्हणून) मी त्या आणल्या. आमच्या वायरमनला गल्लीत वैद्य म्हणतात, कारण तो टेस्टर नाडी पाहिल्यासारखा धरतो आणि निदानाआधी चहा घेतो. त्याने बजावले होते की तिन्ही बॅटऱ्या आधी वेगवेगळ्या पूर्ण भरा, मी आल्यावर एकमेकींना जोडू. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग (तुमच्या गुडघ्याचा येथे संबंध नाही). मी भरलेल्या नव्यांना अर्धी रिकामी जुनी स्वतःच जोडली. नव्यांनी जुनीत एकदम एवढी वीज ओतली की तिघींनी जिवाच्या भीतीने आपापली दारे लावून घेतली. इन्व्हर्टरची पेटी थोडा वेळ किंचाळली आणि गप्प झाली. सौभाग्यवतीने तडक वैद्याला फोन लावला. मला चार शब्द बोलली असती तर बरे झाले असते.

वैद्य दुसरीकडे अडकला होता, आणि त्याच संध्याकाळी वीज गेली. घरात दिवा नाही, पंखा नाही. आम्ही तिघे खिडकीशी फरशीवर बसलो. कन्येने मुलाखत घेणाऱ्या साहेबांची अशी नक्कल केली की तिच्या आईला हसून हसून ठसका लागला. नोकरी तिला मिळाली आहे, महिनाअखेरीस ती परगावी जाईल. बॅटऱ्यांचे काय झाले हे मी त्या संध्याकाळी साफ विसरलो होतो.

मग वैद्याने येऊन तिन्ही रीतसर जोडल्या. आता वीज गेल्याचे आम्हाला शेजाऱ्यांच्या ओरडण्यावरून कळते. सौभाग्यवती स्वयंपाकघरात मिक्सर फिरवते, कन्या दार लावून आपल्या खोलीत असते, आणि मी बाहेरच्या खोलीत त्याच दिव्याखाली एकटा असतो. परवा वीज गेल्यावर मी हळूच कन्येच्या खोलीचा खटका पाडला. ती बाहेर आली, फोनवरच्या ॲपमध्ये बॅटऱ्या भरलेल्या पाहिल्या, खटका वर केला आणि म्हणाली, "बाबा, वैद्यांना बोलवू का?" कोणाला तपासायला, ते तिने सांगितले नाही.

असो. मामींनी मुरांब्याची बरणी परत मागितली आहे, ती शोधतो आहे.

तुमचा भाचा

ता. क. मामा, त्या दोन बॅटऱ्या तुमच्या दुकानासाठी उसन्या मागा. घरात सगळ्यांसमोर मागा. मी आढेवेढे घेईन, तिकडे लक्ष देऊ नका. मला कन्येची आत्तापासूनच आठवण येते. ती गेली की बॅटऱ्या परत पाठवा, मग उजेड लागेलच.

ता. क. दुसरा. माझे अक्षर पोस्टमनला लागत नाही, म्हणून पत्ता घालायला पाकीट कन्येकडे दिले. पाकीट उघडे होते, हे नंतर लक्षात आले. खालचा मजकूर तिचा.

मामाआजोबा, नमस्कार. बॅटऱ्या नेऊ नका, आईचा मिक्सर आत्ता कुठे सुखाने चालतोय. मी जाईपर्यंत रोज संध्याकाळी बाहेर येऊन बसेन, वीज असली तरी. फक्त बाबांनी बॅटऱ्यांबद्दल बोलायचं नाही. दार मी त्यासाठीच लावत होते.