नकाशातली तपकिरी वाट

सर,

परवा तुमच्या गावी, कामरगावला गेले होते. तिथल्या शाळेनं प्रयोगशाळेला तुमचं नाव दिलंय. मी तुमची विद्यार्थिनी, त्यात अनसिंगची, म्हणजे जिल्ह्यातलीच. म्हणून चार शब्द बोलायला बोलावलं. भिंतीवर तुमचा नकाशा लावलाय: उंदराचा मेंदू, आणि त्यात तुम्ही शोधलेली सेरोटोनिनची, म्हणजे पेशींचे निरोप नेणाऱ्या रसायनाची, नवी वाट, जाड तपकिरी रेघेनं काढलेली.

पुण्याला तुमच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा आले, तेव्हा गाव ऐकूनच तुम्ही हसलात. "मंग घाबरून कायले राह्यली? बस." इतरांशी इंग्रजी, माझ्याशी वऱ्हाडी. पापुद्र्यासारखे मेंदूचे काप पाण्यातून कुंचल्यानं अलगद उचलायला तुम्हीच शिकवलंत. प्रतिपिंडं कशी काम करतात तेही तुमच्याच तोंडून कळलं. "हे गर्दीतून आपल्या वळखीचा एकच माणूस धरते." ज्या रसायनाला ती चिकटतील तिथं तपकिरी रंग उमटायचा, आणि पेशींचे निरोप कोणत्या धाग्यांनी जातात ते दिसायचं. रविवारी तुमच्या घरी जेवण. तुम्ही स्वतः पातोडीच्या रश्शाला फोडणी देताय, मी भाकरी थापतेय, काकू म्हणतायत, "तिले तिखट कमी करा." हे आठवलं की अजून राग येतो, कारण त्या दिवसांत खोट नव्हती.

पुढं तुम्हीच शिकवलेली परीक्षा मी तुमच्या वाटेवर लावली. प्रतिपिंडं आधीच सेरोटोनिनमध्ये मिसळून ठेवायची. म्हणजे त्यांचे हात भरलेले, कापावर धरायला मोकळे नाहीत. रंग उमटायलाच नको. बाकी सगळीकडचा गेला. तुमच्या नव्या वाटेवरचा मात्र तसाच राहिला. म्हणजे तिथं धरलं होतं ते भलतंच काहीतरी.

तुम्ही सूक्ष्मदर्शकात बराच वेळ पाहत राहिलात. मग दिवा बंद केलात.

"तुह्या हातानं काही चुकलं असंन."

"पुन्हापुन्हा करून पाह्यलं, सर."

"काहून खोदून राह्यली मंग? छापून आलं ते. आता जगानं मानलं."

दुसऱ्या आठवड्यात माझं टेबल दुसऱ्याला दिलंत. माझ्या प्रबंधावर तुमची सही कधीच झाली नाही. रविवारचं बोलावणं बंद झालं, आणि भेटलात की माझ्याशीही इंग्रजी. त्या इंग्रजीनं मला जेवढं तोडलं, तेवढं सही न मिळण्यानंही नाही. मी परत आले. आता वाशिमला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. तुम्ही गेलात, पुढं ती वाट दुसऱ्या कुणालाच सापडली नाही, आणि नव्या नकाशांतून गुपचूप गाळली गेली. तुम्हाला कुणी काही विचारलं नाही. मला मात्र लोक अजून विचारतात, डॉक्टरेट अर्धी का सोडली म्हणून.

परवा मी उभी राहिले आणि सांगून टाकलं. सर उत्तम शिकवायचे, पण भिंतीवरची ती रेघ चूक आहे, आणि ते सरांना माहीत होतं. पुढच्या रांगेत तुमच्या थोरल्या बहीण बसल्या होत्या. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "पोरी, त्याच्या घरी जेवली होती ना तू?"

"हो."

"मंग हे त्याच्या तोंडावर सांगाचं होतं."

"सांगतलं होतं, आत्या."

त्या पदर सावरून उठल्या आणि हळूहळू बाहेर गेल्या. चहाच्या वेळी माझ्याजवळ कुणी आलं नाही. नकाशा भिंतीवर तसाच आहे.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. एकच कबूल करते. ती वाट कुणालाच सापडत नाही असं कळलं, त्या संध्याकाळी मी आनंदानं घरभर फिरत होते. कुणाला तरी सांगावं म्हणून फोन हातात घेतला. एका वाक्यात सगळं समजेल असा एकच माणूस आठवला, सर, आणि ते तुम्ही होतात.