पुढच्या टोकाचे आटे

आबा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, तरी हे तुम्हालाच सांगावंसं वाटतंय. इथे अमेरिकेत, प्लेनोत, लेकाच्या किचनमध्ये बसून लिहितेय. अक्षराला हसू नका, चौथीतून तुम्हीच काढलंत. अजून डोळ्यांपुढे दिसतं: तुमच्या बंदूक दुरुस्तीच्या कारखान्यात मी डबा घेऊन येते, सुटी पडलेली नळी उचलते आणि लोखंडी टेबलावर आपटते. तुम्ही पाठीत धपाटा घालता. "आट्यांना टवका गेला की अख्खी नळी भंगारात," म्हणता, आट्यांना ग्रीस चोळता आणि वर पितळी टोपी फिरवून बसवता. पोरांपेक्षा नळ्यांना जास्त जपलंत.

नोकरी गेल्यावर लेकाने बंदूक आणली. गेल्या आठवड्यात चहा ओतता ओतता सुनेला शांतपणे म्हणाला, "पोरीला घेऊन बहिणीकडे निघालीस, तर दारापर्यंतच जाशील." तरी सुनेने बहिणीच्या गावाची, सांता क्लाराची तिकिटं काढली होती. तो बाहेर गेला तशी मी कपाटातून बंदूक काढली. नळीच्या टोकाला आटे, वर तुमच्यासारखीच टोपी. ती काढली आणि गॅरेजच्या फरशीवर आटे पार चेपेपर्यंत आपटले. टोपी परत बसेना. सुनेला म्हटलं, "मेली ती. आता नुसती काठी आहे." तिने निर्धास्त होऊन तिकिटं कॅन्सल केली.

काल सून बाहेर गेलेली असताना त्याला कळलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. कुणी केलं विचारलं, मी केलं म्हटलं, तुमचंही सांगितलं. हसला. "आई, आजोबांचे आटे नळीच्या मागच्या टोकाला. नळी बंदुकीत बसवायला. हे पुढचे. पुढे सायलेन्सरसारखं काही जोडायचं असेल तरच लागतात. गोळी सुटतेच." नात दारात उभी. "आजी, व्हॉट डिड यू ब्रेक?" "काही नाही गं," म्हटलं. खोटं नव्हतं ते.

फ्रिजवर पोलिसांचा नंबर चिकटवलाय, तीनच आकडे. मला वाचता येतात, अजून फिरवलेले नाहीत. सून आज पोळ्या लाटताना गुणगुणत होती. हा कागद कुठे पाठवायचा नाही, तिच्या हाती लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यात खोल घालतेय. बंदूक चालते हे तिला मी सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती पोरीला घेऊन जाईल, आणि या घरात त्याच्यासमोर मी एकटी उरेन.