पुसलेले अकरा सेकंद

शुक्रवार, ९ ऑगस्ट

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. पत्राच्या पहिल्या ओळीत तसं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. फोन करून उपयोग नाही, तुझ्या दोन्ही कानांचे पडदे फाटलेत आणि महिनाभर काही नीट ऐकू येणार नाही असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. समोर येऊन बोलायचं धाडस माझ्यात नाही. गेल्या आठवडाभरात तीनदा आलो आणि तिन्ही वेळा तुझ्या पायावरची चादर नीट करून परत गेलो.

जबड्याच्या तारा कधी काढणार, असं तुझी वहिनी रोज विचारते. दुसऱ्याच्या ताटातलंही उचलून खाणारा तू, आता नळीने पातळ पितोस, हे तिला बघवत नाही. चष्मेवाला तिथेच खुर्चीत बसून असतो ना? परवा नर्सने त्याला विचारलं, तुम्ही पेशंटचे कोण. तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, घरचेच आहेत. अकरा वर्षं आम्ही त्याला तुझा रूममेट म्हणत आलो. घरचा म्हणायला तुझी हाडं मोडावी लागली.

आता मुद्द्याचं लिहितो, नाहीतर पुन्हा चादरच नीट करत बसेन.

पोलिसातले साहेब सोमवारी माझ्या साउंड स्टुडिओत आले होते. तुला मारतानाचा व्हिडिओ फोनाफोनी फिरला, तो त्यांच्याकडे आहे. त्यात चौघांचे चेहरे दिसतात, म्हणून चौघे आत आहेत. व्हिडिओ कुणी काढला असं विचारलं तर चौघेही म्हणतात की पाचवा कुणी नव्हताच, फोन गाडीच्या टपावर टेकवून ठेवला होता. आवाज नीट ऐकू येत नाही आणि सरकारी प्रयोगशाळेत दोन महिन्यांची रांग आहे, म्हणून ते माझ्याकडे आले. नियमात बसत नाही म्हणाले, पण तुमचाच भाऊ आहे, तुम्ही जीव ओतून कराल. मी तोंड वर करून सांगितलं, जो कोणी असेल त्याला सोडणार नाही.

मग दार लावून कानांवर हेडफोन चढवले.

धाकट्या, मी ते चाळीस वेळा ऐकलंय. त्या इमारतीच्या तळघरातलं पार्किंग. लिफ्ट दुरुस्त करून तू हत्यारांची पिशवी खांद्याला लावून निघालायस. चष्मेवाल्याने दुपारचा डबा आणून दिला तेव्हा तुझ्या कपाळावरचं ग्रीस रुमालाने पुसलं, एवढंच त्या चौघांनी पाहिलं होतं. त्यातला जाड्या म्हणतो, चालून दाखव. तू चालतोस, आपल्या नेहमीच्या चालीने, बूट आपटत. तो म्हणतो, "असा नाही. टीव्हीवर तो नाजूक चालतो तसा चाल." तुला तसं चालता येत नाही. कसं येणार? मणभर लोखंड खांद्यावर घेऊन जिने चढणारा माणूस तू. तू दोन पावलं टाकलीस आणि त्यांनी तुझ्याच पिशवीतला पाना काढून गुडघ्यावर हाणला. म्हणाले, आता चाल. तू पडलास. उठवून पुन्हा चालायला लावलं. पाना जबड्यावर बसला तो आवाज कसला आहे हे मला कुणी सांगायची गरज नाही. अशा मारामारीचे आवाज मी वीस वर्षं ओली काकडी मोडून काढत आलोय. खरा आवाज त्याहून बारीक असतो.

आणि तुझ्या प्रत्येक पावलाला ते चौघे तोंडाने एक आवाज काढत होते. फुंईऽऽ, टिंग.

तो माझा आवाज आहे. ओल्या बोटाने फुगा चोळायचा आणि वर काचेच्या पेल्यावर चमचा मारायचा. मालिकेतला तो शेजारी, ज्याला सगळे नाजूक म्हणतात, सुरुवातीला असा नव्हताच. त्या नटाने तो साध्या माणसासारखा केला होता, कोपऱ्यावरच्या दुकानदारासारखा. निर्माते वैतागले, म्हणाले, हा तसला वाटतच नाही, लोकांना कळणार कसं? मी म्हटलं, माझ्यावर सोडा. तो दारातून आत आला की फुंई, वळला की टिंग, आणि मागे हशा. आठवडाभरात पोरंटोरं रस्त्यात तो आवाज काढायला लागली. नटालाही मग माझ्या आवाजाच्या तालावर कंबर हलवावी लागली. मी खूश होतो.

तेव्हा तुझं मला माहीत होतं. वहिनीलाही माहीत होतं. घरात विषय काढायचा नाही एवढंच न बोलता ठरलेलं. तू आमच्याकडे बसून ती मालिका बघायचास, आमच्याबरोबर हसायचास. मग एकदा उठून गेलास आणि जेवायला येणंच बंद केलंस. मी वहिनीला सांगितलं, कामात असेल.

आता जे टाळत होतो ते.

व्हिडिओत गोंगाटात मिसळून गेलेलं एक हसू आहे. चौघांचं नाही. माईकच्या अगदी जवळचं, म्हणजे फोन ज्याच्या हातात होता त्याचं. चेहरा नाही, शब्द नाही, फक्त हसू, शेवटी उचकीसारखं अडकणारं. ते मला हेडफोनशिवायही ओळखता आलं असतं. तूच त्याला खांद्यावर बसवून गुदगुल्या करायचास तेव्हा तो असाच अडकायचा.

माझा पोरगा होता, धाकट्या. तुझा पुतण्या.

मी घरी गेलो आणि त्याला मारलं. पट्ट्याने नाही, हातांनी. त्याचा पुढचा दात पडला, ओठ फाटला, तरी माझा हात थांबेना. तो भिंतीशी बसला होता आणि मी त्याला ओरडून सांगत होतो, ऊठ, हस आता, हसून दाखव. वहिनी मध्ये पडली. तिने माझं मनगट धरलं आणि एकच म्हणाली, "हसायचं कुठे ते त्याला कुणी शिकवलं?"

मग पोरगा बोलला. मित्रांना त्याने कधी सांगितलंच नव्हतं की तू त्याचा काका आहेस. त्यांनी तुला अडवलं आणि याच्या हातात फोन दिला. तो म्हणाला, "मी हसलो नसतो तर त्यांनी मलाही चालायला लावलं असतं."

पण अजून संपलं नाही. त्या हसण्यानंतर तू मान वर करतोस, थेट फोनकडे बघतोस आणि काहीतरी बोलतोस. फुटलेल्या जबड्यातून नुसतं कण्हल्यासारखं येतं. साहेबांनाही कण्हणंच वाटलं होतं. मी बाकीचा गोंगाट पदरापदराने काढत गेलो आणि खाली तुझे शब्द निघाले. तू म्हणतोयस, "घरी जा, राजा. तू घरी जा."

हसू तिथे थांबतं. दोन श्वास ऐकू येतात, मग धावणारे पाय, मग व्हिडिओ संपतो.

मंगळवारी मी साहेबांना स्वच्छ केलेली प्रत दिली. तिच्यात ते हसू नाही आणि तुझे शब्दही नाहीत. अकरा सेकंद मी पुसले आणि वर पार्किंगमधल्या पंख्याची घरघर पसरली, कुणाच्या बापाला कळणार नाही इतक्या सफाईने. साहेब हात जोडून म्हणाले, फार उपकार झाले, म्हणजे पाचवा खरंच नव्हता. मी मान हलवली. मार खाताना तू जे बोललास ते मी माझ्या हाताने मिटवलं. त्या चौघांनी निदान चेहरा दाखवून मारलं.

काल कळलं की तूही जबाबात लिहून दिलंयस, फोन कुणाकडे होता ते दिसलं नाही. तो तुझ्यापासून दोन हातांवर होता. तू त्याला वाचवतोयस, मीही त्याला वाचवतोय, आणि तो घरात जेवत नाही, आरसा बघत नाही, दार वाजलं की मोरीत जाऊन उभा राहतो. आपण दोघांनी मिळून त्याला असंच ठेवलं तर तो आयुष्यभर कुणाला तरी चालायला लावेल किंवा स्वतः पंख्याला लटकेल. यातलं काय आधी होईल याची मला भीती वाटते.

म्हणून उद्या अकरा वाजता आम्ही दोघं पोलिसांकडे जातोय. न पुसलेली स्वच्छ प्रत बरोबर नेतोय, अकरा सेकंदांसकट. तो स्वतः सांगणार आहे, काल रात्री कबूल झालाय. पुरावा पुसला हे मी सांगेन. मलाही आत घेतील बहुतेक, घेऊ देत. मालिकेचं काम मी आज सोडलं, पण तो आवाज त्यांच्याकडेच राहणार आहे. तो परत मागता येत नाही, विचारून बघितलं.

साहेब तुझ्याकडे पुन्हा जबाब घ्यायला येतील. या वेळी कुणाला घरी पाठवू नकोस. खरं ते लिहून दे.

तुझा दादा, आणि त्याचा बाप. यातलं एक नातं सुटलं तरी चालेल असं लिहिणार होतो. पण नाही चालणार.