कमरेचे दोन इंच

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भात, पाव, बटाटा आणि साखर सोडून आज साठ दिवस झाले. काटा जेमतेम दीड किलो उतरला, आणि कमर तर जागची हललेली नाही. दवाखान्यातल्या नर्सने पहिल्या दिवशी अडतीस इंच मोजली होती. काल दुकान बंद करताना मीच टेप लावली, तर पुन्हा अडतीस! पाळी थांबल्यापासून हे शरीर माझं ऐकतच नाही. जुन्या भाडेकरूसारखं ठाण मांडून बसलंय.

हे बिचारे बटाटा खायला बाल्कनीत जातात आणि तोंड पुसून आत येतात, जसा काही मला वास येतच नाही.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक महिना दिलाय. रक्तातली साखर उतरली नाही तर गोळ्या सुरू. ताई, आईचंही असंच सुरू झालं होतं, आणि शेवटी तिला आपले चेहरेसुद्धा दिसत नव्हते. मला त्याचीच भीती वाटते. कधी वाटतं, एवढं करून काहीच होत नसेल तर सरळ भात खावा. आणि तू रक्ताची तपासणी केलीस का? मागच्या पत्रातही विचारलं होतं.

तुझा लोभ मात्र माझ्या कमरेसारखाच राहो, तसूभरही कमी न होवो.

तुझी
धाकटी

११ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

भातासाठी एवढी झुरतेस! लग्न ठरल्यावर नवऱ्यासाठीही इतकी झुरली नव्हतीस.

आता शहाण्यासारखं ऐक. तीस वर्षं गणिताच्या वह्या तपासल्या, चूक मला लांबूनही दिसते. माझं माप घेताना टेपवर बत्तीस असलं की तू चौतीस सांगतेस, कपडा सैल बसावा म्हणून. पस्तीस वर्षांची शिवणकामातली सवय. हात मोजतो आणि तोंड आपोआप दोन इंच वाढवतं. नर्सला काही तुझा झगा शिवायचा नव्हता. तिच्याकडूनच पुन्हा मोजून घे, आणि महिना संपेपर्यंत भाताकडे ढुंकूनही बघू नकोस.

आशीर्वाद पोटभर घे, त्यांनी वजन वाढत नाही.

तुझी
ताई

१४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

छत्तीस! नर्सने दोनदा मोजली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. गिऱ्हाइकांना कळलं तर दुकान बंद करावं लागेल, तेव्हा तोंड शिवून ठेव.

साखरही उतरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या सध्या नकोत, असंच चालू ठेवा. वजन अजून अडून बसलंय, बसू दे. घरी येऊन मी खूप रडले आणि मग अख्खी काकडी खाल्ली.

तू तपासणी कधी केलीस? मी दर पत्रात विचारते आणि तू दर पत्रात माझी टिंगल करून विषय बदलतेस. या वेळी आकडा लिहिल्याशिवाय पत्र पाठवू नकोस.

रागावलीस तरी लोभ ठेव.

तुझी
धाकटी

२९ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

गेले एकदाची. रिपोर्ट सोबत जोडला आहे. तुझ्या साखरेच्या पहिल्या आकड्यापेक्षा माझा मोठा आहे.

चार वर्षं मी दवाखान्याची पायरी चढले नव्हते. तुझी थट्टा करत राहिलं की माझ्याकडे कुणाचं लक्ष जात नव्हतं, हे आज कबूल करते. कागद हातात घेऊन बसले आणि आईचे डोळे आठवले. खूप घाबरले गं. घरात एकटीसाठी शिजवताना हे पथ्य मला जमायचं नाही. काय खायचं ते सविस्तर लिहून पाठव.

जपून राहा.

तुझी
ताई

३ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काही लिहून पाठवत नाही. शनिवारी सकाळी मीच येते, पंधरा दिवसांसाठी. दुकानाला कुलूप लावलंय. पुस्तकांच्या मागे ठेवलेला बिस्किटांचा डबा तेवढा शेजारी देऊन टाक. जागा बदलू नकोस, मी शोधीनच.

आईच्या वेळी आपल्याला काही कळत नव्हतं. आता कळतंय.

तोवर एकटीने घाबरायचं नाही. मी आले की दोघी मिळून घाबरू.

तुझीच
धाकटी