पालक स्वतः हजर राहतील

प्रिय वहिनी,

सलाम. पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र बाजूला सारलं असणार आणि दादाने ते फोडून तुमच्या हातात दिलं असणार, असं धरून चालते. गुडघे कसे आहेत? दादाच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं मला तिऱ्हाइताकडून कळलं. आता त्याला स्वच्छ दिसत असेल तर कपाटावरची धूळही दिसेल, तेव्हा जपून राहा. माझी प्रकृती उत्तम. रक्तदाब होता, पण तो चर्चमधल्या माणसांमुळे होता, आणि ते चर्च मी सोडलं. (आधी बसा, मग पुढे वाचा.)

होय, सोडलं! एकतीस वर्षं मी ज्या बाकावर बसले, खिडकीजवळचं, डावीकडून तिसरं, त्यावर एका रविवारी मला गुलाबी उशा दिसल्या. उशा, वहिनी! आणि उशांवर नव्या खजिनदाराची बायको. मी समोर उभी राहिले, खाकरले. तिने मान वर न करता सांगितलं, "ही जागा आमची आहे." मी छत्री उचलली आणि तडक बाहेर पडले. फाटकाशी आले आणि मला तुमची छत्री आठवली. अकरा वर्षांपूर्वी त्याच बाकाच्या टोकाला तुम्ही बसला होतात. तेव्हा मी चारचौघांत काय बोलले ते इथे लिहीत नाही, तुम्हाला पाठच असेल. तुम्हीही अशीच छत्री उचलून निघून गेलात. त्यानंतर तुम्ही कुठल्याच चर्चची पायरी चढला नाहीत, आणि आपलं बोलणं दादामार्फत चालतं, जणू तो टपालखातं आहे. असो. मला सांगायचं आहे ते निराळंच आहे आणि फार फार आनंदाचं आहे.

आम्ही नवं चर्च काढलं!

आम्ही म्हणजे पाच जण. एक तरुण पाळक (दाढी वेडीवाकडी, पण समोरचा बोलत असताना घड्याळ बघत नाही), त्याची नर्स बायको, एक वायरमन, मी, आणि एक निवृत्त दंतवैद्य, ज्यांनी आपला बंद केलेला दवाखाना आम्हाला वापरायला दिला. खोली हवेशीर आहे. फक्त मधोमध दात काढायची खुर्ची आहे आणि ती जमिनीत बोल्ट ठोकून बसवलेली आहे. वायरमनने तिच्यावर दोन पाने वाकवले, शेवटी त्याची कंबर धरली, खुर्ची तशीच. तेव्हा पाळक तिच्या शेजारी उभा राहून उपदेश करतो. एक फायदा असा की ती खुर्ची समोर असताना मध्येच तोंड उघडायची कुणाची छाती होत नाही. भिंतीवर दाढेचं भलं मोठं चित्र होतं, ते काढलं तर मागे प्लास्टरला भगदाड निघालं, म्हणून परत लावलं. आता क्रूस आणि दाढ शेजारी शेजारी आहेत. सवय होते.

नियम एकच, आणि तो माझा. इथे कुणाचीही जागा ठरलेली नाही. रुमाल टाकायचा नाही, पर्स ठेवायची नाही, उशीचं तर नाव काढायचं नाही. तो मी पहिल्याच बैठकीत टेबलावर हात आपटून मंजूर करून घेतला. मग पाळकाने मला दारावर स्वागताला नेमलं. (हसू नका. दादा, तूसुद्धा!) मी आठवडाभर आरशासमोर सराव केला. गुरुवारपर्यंत आरशातल्या बाईचा चेहरा असा होता की मीच तिच्या घरी गेले नसते. शनिवारी ती पहिल्यांदा "या" म्हणाली.

जुन्या चर्चचे घंटेवाले काका मला रस्त्यात गाठून म्हणाले, "चार रविवार. पाचव्याला कुलूप." म्हटलं, बघू.

आता पाटीचं ऐका. मजकूर मी तयार केला, कारण बत्तीस वर्षं कचेरीत दुसऱ्यांच्या मसुद्यांतल्या चुका काढण्यात हयात गेली आहे. "सभा, रविवारी सकाळी नऊ वाजता. पाळक स्वतः हजर राहतील. सर्वांचे स्वागत." सुटसुटीत. आणि त्या रंगाऱ्याने, वहिनी, वीतभर उंचीच्या लाल अक्षरांत रंगवलं: "पालक स्वतः हजर राहतील." ळ चा ल! सोमवारीच भाजीवाली कमरेवर हात ठेवून दारात उभी. जुड्या कुठून आणता आणि माझ्या समोरच धंदा मांडायची काय गरज होती, असं विचारायला. तिची समजूत घालता घालता दुपार गेली. पण कोपऱ्यावर शाळा आहे हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

रविवारी पावणेनऊला मी दारात उभी राहिले, आणि रस्त्याच्या टोकाकडून माणसं यायला लागली. यायला लागली म्हणजे थांबेनातच! एक्केचाळीस, मी मोजली. प्रत्येकाच्या हातात मुलाचं प्रगतिपुस्तक आणि चेहऱ्यावर धास्ती. सगळ्यांत पुढे शाळेसमोरचा शिंपी, गळ्यात टेप तसाच.

"बाई, पाटी वाचली, दुकान बंद करून आलो. काय केलं त्याने ते एकदा सांगून टाका."

"कोणी?"

"आमच्या चिरंजीवांनी! शाळा दवाखान्यात बोलावते म्हणजे कुणाचे तरी दात पाडले असणार."

मी सांगू लागले की ही शाळेची सभा नाही, हे चर्च आहे, रंगारी गाढव आहे, तुम्ही घरी जा. निदान सांगणार होते. "अहो, ही जागा..." एवढं तोंडातून बाहेर पडलं आणि पुढचे शब्द मला ओळखू आले. वहिनी, मी ते गिळले. म्हटलं, "या. बसा."

खुर्च्या एकोणीस, माणसं एक्केचाळीस. पाळकाला मी आतून खुणा करत होते, तर तो पठ्ठ्या शांतपणे म्हणाला, चुकून आलेत ना, मग पुढच्या वेळी मुद्दाम येतील. त्याने सगळ्यांना खरी गोष्ट सांगितली, ज्यांना जायचं त्यांनी खुशाल जावं म्हणाला, आणि मग विचारलं, मुलांची कसली काळजी घेऊन आला होतात? झालं! दोन तास! अपूर्णांकांसाठी केलेली प्रार्थना मी जन्मात पहिल्यांदा ऐकली, आणि शिंप्याने तिला इतक्या जोरात आमेन म्हटलं की दाढेचं चित्र हललं. त्यांच्यात एक इस्त्रीवाली बाई होती. ती सगळ्यांत शेवटी म्हणाली, शाळेच्या सभेत मला मागे उभं करतात, आज या बाईंनी "बसा" म्हटलं. या बाई म्हणजे मी. मला डोळे पुसावे लागले. (धूळ फार होती.)

दुसऱ्या रविवारी चौदा जण परत आले. काल, तिसऱ्या रविवारी, बावीस! आणि बाहेर घंटेवाले काका, मान उंचावून डोकी मोजताना. मी पुढे सरसावले, पण माझ्याआधी इस्त्रीवालीने त्यांचा दंड धरला. "आत या काका. इथे जागा कुणाचीच नसते." ते शेवटपर्यंत बसले. येता रविवार चौथा, मग पाचवा. बघूच कुणाचं कुलूप कुठे लागतं ते!

दादाला सलाम. थेंब वेळेवर घाला.

तुमची,
वन्सं

ता. क. रंगाऱ्याला बोलावून फैलावर घेतलं. त्याने निमूटपणे खिशातून माझी चिठ्ठी काढली. अक्षर माझं, आणि शब्दही स्वच्छ "पालक". तुम्ही म्हणायचात ना, "वन्सं, तुमच्या कॉन्व्हेंटात ळ दाराबाहेर काढून ठेवावा लागायचा का?" मी त्याची माफी मागितली. वाटलं होतं तितकं अवघड नसतं ते.

ता. क. २. खरं काम राहिलंच. आमच्याकडे पेटी वाजवणारं कोणी नाही. वायरमन सूर धरतो तर ट्यूबलाइट फडफडते. तुमच्यासारखी पेटी कुणी वाजवत नाही. केवळ आमची अडचण म्हणून या.

ता. क. ३. वरचं खोटं आहे. शिंपी पेटी फार सुरेख वाजवतो. तरी या. दातांच्या खुर्चीत पायाखालची फळी वर येते, गुडघ्यांना आराम पडेल. माझाच नियम मोडून मी तिच्यावर माझा रुमाल टाकून आले आहे. काल इस्त्रीवालीने सगळ्यांसमोर मला जाब विचारला, तेव्हा मी सगळ्यांसमोरच सांगितलं आणि आता तुम्हालाही सांगते. वहिनी, ही जागा तुमची आहे.