वडिलांच्या नावाचा रकाना

अब्बा, तुम्ही ज्या वयात गेलात ते वय मी केव्हाच ओलांडले आहे. पुढे शिक्षक होऊन जन्मभर फळ्यासमोर उभे राहून मुलांना एकेक पायरी उलगडून दाखवली. एक गोष्ट मात्र तुमच्यापुढे कधी क्रमाने मांडली नाही. कतारमधल्या दुखानच्या तेलछावणीतला तो नाताळ. पन्नासचे दशक संपत आले होते, रत्नागिरीहून तुमच्याच कचेरीत टायपिस्ट म्हणून येऊन मला वर्ष झाले होते. तुमच्या टेबलामागे करडे लोखंडी कपाट होते आणि छावणीतल्या प्रत्येक परदेशी माणसाचा पासपोर्ट त्यात होता. दोह्याहून परवानगीचा कागद आल्याशिवाय तो बाहेर काढायचा नाही, असा नियम. किल्ली तुमच्या कमरेला, आणि तुमचा स्वतःचा पासपोर्टही त्याच कपाटात, सर्वांत खालच्या कप्प्यात. पहिल्याच दिवशी तो दाखवून तुम्ही म्हणाला होतात, "बग, चावी माजी, पन दरवाजा माजा नाय." मी हसलो होतो. एक वाट समुद्राकडे, एक दोह्याकडे आणि बाकी सगळी वाळू, याचा अर्थ मला अजून उमगायचा होता.

इस्पितळामागच्या खोलीत ते फिलिपिनो कुटुंब राहत असे. तो पंपांचा मेकॅनिक, ती नर्स, आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी. त्यांच्या देशाचे दुसरे कोणीही छावणीत नव्हते. नोव्हेंबरात त्याला घरून पत्र आले: आई अंथरुणाला खिळली आहे, नाताळाला तरी ये. त्याने अर्ज केला. फॉर्म मी भरला, खाली सही तुमची. नाताळाच्या दोन दिवस आधी तो फॉर्म दोह्याहून परत आला, लाल शाईतल्या शेऱ्यासह: वडिलांचे नाव जुळत नाही. साहेबांनी विचारले, "हा कोणी भरला?" मी तोंड उघडण्याआधी तुम्ही म्हणालात, "माझ्या हातून झालं, सर." साहेब तुम्हाला सगळ्यांदेखत बोलले आणि तुम्ही चष्मा पुसत उभे राहिलात. नेमके काय चुकले ते तुम्हालाही कळले नव्हते, मलाही नाही. पुढचे तीन दिवस कचेरी बंद. "त्याचा सण होऊ दे," तुम्ही म्हणालात, "मगे विचारू."

त्यांच्या देशात नाताळाआधी ओळीने नऊ दिवस पहाटे प्रार्थनेला जातात, आणि एकही न चुकवणाऱ्याच्या मनातली इच्छा पुरी होते, अशी श्रद्धा आहे. छावणीत त्यांच्यासाठी ना चर्च, ना पाद्री. म्हणून नवराबायको रोज पहाटे खोलीतच, पत्र्याच्या पेटीवर ठेवलेल्या मेरीच्या चित्रासमोर गुडघे टेकत. इच्छा कोणती, ते सगळ्या छावणीला ठाऊक होते. आणि त्याने नाताळासाठी केलेला तो तारा! त्याची रचना सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. खजुराच्या झावळीच्या चिरलेल्या काड्यांचे दोन सारखे पाच टोकांचे तारे करायचे, टोकाला टोक बांधायचे, आणि मग मध्ये आखूड काड्या आडव्या बसवायच्या. त्यासरशी सपाट तारा श्वास घेतल्यासारखा फुगतो. वर लावायला रंगीत कागद वाळवंटात कुठला? त्याने ड्रॉइंग ऑफिसातून रद्द झालेले नकाशे मागून आणले. आत टॉर्च लावला की ताऱ्याच्या पाचही टोकांत पाइपलाइनी उजळत.

नाताळाच्या सकाळी आपण दोघे त्यांच्याकडे जातो. मुलगी धावत येते, तुमचा हात उचलते आणि स्वतःच्या कपाळाला लावते. थोरांचा आशीर्वाद घेण्याची ती त्यांची रीत. तुम्ही दचकता, मग दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवता. बाप ताऱ्याकडे बोट दाखवून छावणीच्या मोडक्या हिंदीत म्हणतो, "चाचा, असली तारा येशूच्या गोठ्याकडे नेत होता. हा तुमच्या कपाटाकडे नेतो." बायको त्याला कोपराने ढोसते. तुम्ही लगेच म्हणता, "बेटा, तिथं गोठ्यापेक्षा जास्त गर्दी आहे." सगळे हसतात. तांदळाच्या पिठाचा आणि डब्यातल्या दुधाचा केक पातेल्यात शिजतो आहे. त्याच्या बायकोला झाकणावर निखारे नीट ठेवता येत नाहीत, तर तुम्ही बाह्या सरसावून ते पसरता. "वरचा विस्तव जास्त हवा. आमच्याकडेही असंच करतात." केक, खजूर, काळा चहा: एवढाच सण. खाण्याआधी ते तिघे डोळे मिटतात. आईच्या प्रकृतीसाठी प्रार्थना होते, आणि मग आभार, "आमच्या कागदांसाठी झटणाऱ्या या दोघांचे."

मग मुलगी आपले पूर्ण नाव म्हणून दाखवते, तीन भागांचे. मी मास्तरी उत्साहाने विचारतो, "मधलं नाव पप्पांचं ना?" ती खिदळते. "नाही! मम्मीचं!" तो समजावतो: त्यांच्याकडे मुलाच्या नावात मधोमध आईच्या माहेरचे आडनाव असते. "माझ्याही नावात मधोमध माझी आई आहे."

आपल्याकडे आधी स्वतःचे नाव, मग बापाचे, मग आडनाव. या क्रमाविषयी मला इतकी खात्री होती की मी त्याच्या पासपोर्टवरचे मधले नाव, त्याला न विचारता, वडिलांच्या रकान्यात उतरवले होते. ज्या आईकडे त्याला जायचे होते, तिच्याच नावाने मी त्याची वाट अडवली होती. मी तुमच्याकडे पाहिले. केक कापणारी तुमची सुरी थांबली होती. तेव्हाच बोलायला हवे होते. ती खोली आठ पावलांची होती, दार उघडे होते आणि मला त्यातून बाहेर पडता येत नव्हते. मी म्हणालो, "केक छान झालाय."

परतताना तुम्ही एवढेच म्हणालात, "आदी विचारायचा, मगे लिवायचा." थोडे चालल्यावर पुन्हा म्हणालात, "मी पन विचारला नाय."

कचेरी उघडताच मी फॉर्म दुरुस्त केला. परवानगी जानेवारीच्या अखेरीस आली. आई गेल्याची तार त्याच्या आठ दिवस आधी. तरीही ते गेले, कबरीच्या मातीवर फुले ठेवायला. जीपपाशी तुम्ही तिघांचे पासपोर्ट त्याच्या हातात दिलेत, आणि त्याने विचारले, रागाने नाही, "चाचा, कागदात काय चुकलं होतं?" तुम्ही माझ्याकडे पाहिलेत आणि थांबलात. मी म्हणालो, "दोह्याची चूक होती." तुम्ही किल्ली कमरेला अडकवलीत. त्याने काड्या काढून सपाट केलेला तारा मला दिला. आतल्या बाजूला त्याच्या गावाचा पत्ता लिहिलेला होता.

त्यानंतर तुम्ही तो विषय कधी काढला नाहीत. तारा माझ्याकडे आहे. शाई फिकटली आहे, पण पत्ता वाचता येतो. आजच पुन्हा वाचला. हे सगळे त्या पत्त्यावर, त्याला वाचता येईल अशा भाषेत लिहायला हवे होते. तुम्हाला लिहितो आहे, कारण तुम्ही पुन्हा तसे थांबून माझ्याकडे पाहणार नाही.