वाचून सही करणाऱ्याला ट्रक

मी, गुरुनाथ वामन खांबेटे, वय ५४, राहणार अर्विंग, टेक्सास, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. येत्या गुरुवारी माझी बायपास आहे. हृदयात तीन ब्लॉकेज आहेत, डोक्यात एकही नाही. याआधी कुठे काही लिहून ठेवलं असल्यास ते रद्द समजावं.

१. घर आणि सगळी बचत पत्नी सौ. मीनाक्षी हिला, विनाअट. गॅरेजच्या फरशीवरचा तेलाचा डाग तिने आता खुशाल घासून काढावा. कलम ४ मधल्या प्रसंगी तीही हसली होती, याची फक्त नोंद करतो.

२. वेल्डिंग मशीन, हेल्मेट आणि बोल्ट मोजून आवळायचा टॉर्क पाना मुलगी उर्वी हिला. पाना वापरून झाला की सगळ्यात खालच्या आकड्यापर्यंत सैल करूनच पेटीत ठेवावा. "बाबा, यू चेक टू मच," असं ती म्हणते. सॉफ्टवेअर तपासण्याचीच नोकरी आहे माझी, बाळा.

३. ट्रक. १९९७ ची पिकअप, घेतली तेव्हा दोन लाख अठ्ठावीस हजार मैल पळालेली. वाळवंटात उडवायच्या गाड्या लोक शोरूममधून आणतात. मी तीन वर्षं शनिवार-रविवार खर्चून घरी बनवली. मागचे स्प्रिंगचे पाटे भंगार यार्डातल्या जड ट्रकचे. चाकांवरचे पत्रे मी कापले. पुढच्या शॉक अॅब्सॉर्बरचे ब्रॅकेट मी वेल्ड केले. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर पिवळी रेघ आहे; रेघ सरकली की बोल्ट सैल झाला. शिक्षण बी.कॉम. वेल्डिंग व्हिडिओ बघून आणि हात भाजून घेऊन शिकलो.

४. मित्र परीक्षित आगटे, मेकॅनिकल इंजिनियर, पदवी पुण्याची. त्याने पश्चिम टेक्सासच्या वाळूत चालवायला ट्रक मागितला, मी दिला. उडी मारून उतरताना पुढचा डावा ब्रॅकेट फाटला. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात, ताट हातात घेऊन, हा चाळीस माणसांत म्हणाला, "बी.कॉम.चं वेल्डिंग, यार! डेबिट झालं, क्रेडिट झालंच नाही!" सगळे हसले. तेव्हापासून माझ्या वेल्डिंगवर कुणी विश्वास ठेवत नाही. मंडळातल्या देसाईकाकांनी तर मला दिलेलं त्यांच्या गेटचं कामसुद्धा परत घेतलं.

५. फाटलेला तुकडा गॅरेजमध्ये काचेच्या बरणीत आहे. वेल्ड शाबूत आहे. पत्रा फाटलाय तो वेल्डपासून अर्ध्या इंचावरच्या भोकातून. ते भोक परीक्षितने स्वतःचा कॅमेरा बसवायला, मला न विचारता पाडलं. मी दाखवलं तर म्हणाला, "सोड ना, कोण बघतंय?" ही बरणी मंडळाच्या पुढच्या दिवाळीत जेवणाच्या टेबलावर, श्रीखंडाशेजारी ठेवावी. भिंग सोबत ठेवावं.

६. ऑपरेशनचं कळल्यावर परीक्षित भेटायला आला. दहाव्या मिनिटाला म्हणाला, "काही झालंच तर ट्रक मला दे हं." ठीक. त्यालाच साक्षीदार करतो. त्याने ही पानं वाचून "भोक मी पाडलं" असं दुसऱ्या साक्षीदारासमोर तोंडाने म्हटलं, तर ट्रक त्याचा, आणि बरणी फेकून द्यावी. न वाचता सही केली, तर ट्रक उर्वीचा, आणि त्याची सही ही कलम ५ ची कबुली समजावी. वाचायला सांगेन. तीनदा सांगेन.

स्थळ : अर्विंग, घरचं डायनिंग टेबल. दि. ९ मार्च २०२५.

गुरुनाथ वामन खांबेटे (सही)

साक्षीदार १ : परीक्षित आगटे (सही)

साक्षीदार २ : वसुधा कर्वे, शेजारीण (सही)
मी सर्व पानं वाचली. गुरुनाथभावजींनी परीक्षितना तीनदा "वाच" म्हटलं. ते म्हणाले, "तुझं काय वाचायचं, यार! पेन दे, गाडी डबल पार्क केलीय."